सफोकमध्ये मेटल डिटेक्टिंगचा एक दिवस : ४ स्टार, पाचवा फ्लायरने खाल्ला

आधीच सांगते, क्लबचं नाव लिहिणार नाहीये. थोडी कुरकुर करायची आहे आणि ती माणसं इतकी चांगली आहेत की नाव घेऊन कुरकुर करायला जीव होत नाही. पूर्व इंग्लंडमधल्या इप्सविचपासून गाडीने अर्धा तास, सप्टेंबरमधला शनिवार, गहू कापून झालेलं शेत आणि "बिगिनर्स डे", म्हणजे जमिनीतला धातू ओळखणारं मशीन घेऊन शेत धुंडाळायला शिकायचा दिवस. मोठ्यांना ३० पाउंड, सोळाच्या आतल्यांना १०. मशीन, हेडफोन, खणायचं छोटं फावडं सगळं त्यांचंच. आम्ही तिघं गेलो, मी, माझा ११ वर्षांचा मुलगा आणि श्रीरामपूरहून तीन महिन्यांसाठी आलेले माझे सासरे, म्हणजे अण्णा. नवऱ्याला त्या दिवशी अचानक ऑफिसचं काम निघालं, मॅच होती हा योगायोग.

तर फ्लायर. दाराच्या फटीतून आत पडला तेव्हा मला वाटलं पिझ्झावाल्यांचा असेल. पिवळाधमक कागद, त्यावर सोन्याच्या नाण्यांचा ढीग, दोन ठिकाणी भलंमोठं पाउंडचं चिन्ह आणि "पुढचे मिलियनेअर तुम्हीच?" असा प्रश्न. मी तो सरळ रद्दीत टाकणार होते. पण अण्णांनी चष्मा लावून वाचला, मागून पुढून बघितला, आणि आवाज खाली घेऊन विचारलं, "काय गं, इकडंपण गुप्तधनवाले असतात?"

आता हे ज्यांना कळलं त्यांना कळलं. आपल्याकडे मेटल डिटेक्टर म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यासमोर येतात, एक स्टेशनवरची ती चौकट जी सगळ्यांसाठी वाजते आणि कुणीच थांबत नाही, आणि दुसरी म्हणजे पेपरातली बातमी, अमुक गावात अमावस्येच्या रात्री घरात सहा फुटी खड्डा, लिंबं, कुंकू, एक मांत्रिक, एक मशीनवाला आणि सगळे ताब्यात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या नावाखाली केलेल्या अघोरी प्रकारांचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे विषय किती खोल रुतलाय बघा. त्यामुळे अण्णांचा पुढचा प्रश्न "पोलीस नाही ना यायचे?" हा अगदी रास्त होता. मी म्हटलं अण्णा, दिवसाढवळ्या आहे, पावती देतात, लहान मुलांना डिस्काउंट आहे. पावती म्हटल्यावर ते तयार झाले. जन्मभर साखर कारखान्याच्या अकाउंट्स खात्यात काढलेला माणूस, पावतीवर फार विश्वास.

पोचलो तर गेटपाशीच एक फोल्डिंग टेबल मांडलेलं. आणि खरं सांगू का, हे टेबल बघूनच माझं मत निम्मं बदललं. टेबलावर सोनं नव्हतंच. डाव्या बाजूला काचेच्या डब्यात क्लबला गेल्या काही वर्षांत सापडलेल्या बारीकसारीक वस्तू, पट्ट्याचं बक्कल, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान, मस्केटची म्हणजे जुन्या बंदुकीची शिशाची गोळी, मेंढीच्या गळ्यातली घंटी, प्रत्येकाखाली हाताने लिहिलेली चिठ्ठी की हे काय आहे, साधारण कधीचं, आणि नोंद झाली का. आणि उजव्या बाजूला एक मोठी बादली, त्यावर लिहिलेलं "हे पण आम्हीच काढलं". त्यात गंजलेले खिळे, बिअरच्या कॅनचे तुकडे, काडतुसांची पितळी बुडं, तारा, एक अख्खा चमचा. शेतकरी म्हणे या बादलीसाठीच क्लबला पुन्हा बोलावतो. मला ती बादली काचेच्या डब्याहून जास्त आवडली. हीच फ्लायरवर छापली असती तर मी पहिल्याच दिवशी बुकिंग केलं असतं.

सुरुवातीला चाळीस मिनिटांचं ब्रीफिंग. मुलगा कंटाळला पण मला तोच भाग सगळ्यात भारी वाटला. क्लबच्या सेक्रेटरीबाई, सत्तरीच्या आसपास, निवृत्त शिक्षिका असाव्यात कारण गप्प बसवायची पद्धत तीच. त्यांनी पहिलं वाक्य टाकलं की या देशात परवानगीशिवाय एक इंचसुद्धा जमीन अशी नाही जिथे तुम्ही हे मशीन घेऊन खणू शकता, प्रत्येक तुकड्याला मालक आहे. मग नकाशा दाखवला, संरक्षित स्मारकाची जागा असेल तर तिथे परवान्याशिवाय मशीन चालवणं हाच १९७९ च्या कायद्याने गुन्हा, खणायचीसुद्धा गरज नाही. इथे जवळपास तसं काही नव्हतं, पण म्हणाल्या, तुम्ही स्वतः जाल तेव्हा आधी बघा. नांगराचा थर जिथवर आहे तिथवरच खणायचं, त्याखालची माती हललेली नसते, तिला हात लावायचा नाही. एकाच खड्ड्यात चार नाणी दिसली की हात मागे घ्यायचा आणि ओरडायचं. बॉम्बसारखं काही दिसलं तर ओरडायचंसुद्धा नाही, लांब जायचं आणि ९९९ लावायचा, कारण दुसऱ्या महायुद्धात या भागात गावागणिक विमानतळ होते. आणि प्रत्येक खड्डा बुजवायचा. हे त्यांनी पाच वेळा सांगितलं. मी मोजलं.

मग कायदा. सोन्याचांदीची वस्तू, धातूचं प्रमाण निदान १० टक्के आणि वय ३०० वर्षांच्या वर, किंवा तितकीच जुनी सोन्याचांदीची दोन नाणी एका जागी, असं काही मिळालं की ते "ट्रेझर", आणि १४ दिवसांच्या आत कॉरोनरला कळवायचं. इंग्लंड-वेल्समध्ये हा १९९६ चा कायदा. म्युझियमने घ्यायचं ठरवलं तर तज्ज्ञ समिती किंमत ठरवते आणि बक्षीस साधारणपणे सापडणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मं निम्मं. आता कॉरोनर म्हणजे तोच जो संशयास्पद मृत्यूची चौकशी करतो. हे मी अण्णांना कानात सांगितलं तर ते म्हणाले, "मेलेल्यांचा आणि पुरलेल्यांचा एकच साहेब ठेवलाय, बरं केलं, पगार वाचला."

मग मशीन हातात. काठीच्या टोकाला तव्यासारखी कॉइल, वर छोटा स्क्रीन, त्यावर ० ते ९९ आकडा. लोखंड आलं की घोगरा आवाज, चांदी तांबं आलं की मांजराच्या पिल्लासारखा वर जाणारा. थिअरी सोपी. प्रत्यक्षात मी पहिला तासभर खराटा मारल्यासारखी फिरवत होते, म्हणजे दोन्ही टोकांना कॉइल वर उचलली जात होती आणि मधेच काय ती जमिनीजवळ. आमच्या गटाच्या स्वयंसेवकाने हळूच सांगितलं की जमिनीला समांतर ठेव, हळू चाल. अण्णांना मात्र लगेच जमलं. ते म्हणाले, हे पाभर धरल्यासारखं आहे, सरळ ओळीत जायचं, एक ओळ संपली की वळायचं आणि आधीच्या ओळीला थोडं चिकटून परत यायचं. स्वयंसेवक बघतच राहिला, त्याला म्हणे हे नवख्यांना शिकवायला सहा महिने लागतात.

माझी कमाई ऐका : कॅनच्या सहा रिंगा, चार खिळे, आणि "कॅनस्लॉ". हा त्यांचा शब्द. शेतात टाकलेला बिअरचा कॅन कापणीच्या मशीनखाली आला की त्याच्या कोबी किसल्यासारख्या चिंध्या होतात, ते तुकडे प्रत्येक दोन पावलांवर मशीन वाजवतात, म्हणून कोलस्लॉवरून, म्हणजे कोबीच्या कोशिंबिरीवरून, कॅनस्लॉ. मी विचारलं की या रिंगांचा आवाज मशीनमधून बंदच करता येत नाही का, तर स्वयंसेवक म्हणाला येतो की, पण सोन्याच्या बारीक अंगठीचा आकडा जवळपास तोच येतो, रिंगा नको असतील तर अंगठीपण विसर. घ्या. म्हणजे खणा. सातव्यांदा वाकले तेव्हा अंगठी नव्हती, शिशाची गोळी होती, वरून पांढरी पडलेली, बोराएवढी. मस्केटची. कुणी कुणावर झाडली आणि लागली का चुकली, काही कळायचा मार्ग नाही, पण तळहातावर घेतली तर आकाराच्या मानाने इतकी जड, की मी पाच मिनिटं तशीच उभी राहिले.

मुलाला १८६२ ची पेनी मिळाली, व्हिक्टोरिया राणीची, केसांचा अंबाडा बांधलेली, इकडे तिला "बन पेनी" म्हणतात. अण्णा म्हणाले आमच्या आजीच्या गाठोड्यात राणीछाप रुपये होते, त्यावर बाई मुकुट घालून होती, इथे घरच्या मापात दिसतेय.

शेताच्या कडेने पायवाट जाते आणि सार्वजनिक आहे, त्यामुळे लोक कुत्री घेऊन जात येत होते. एक आजीबाई आम्हाला बघून थांबल्या. जरा जास्तच वेळ थांबल्या. कानटोपी घातलेले अण्णा, हातात फावडं, शेजारी खड्डा, म्हणजे चित्र काय दिसत असेल ते मी समजू शकते. इथे मला आपल्या स्वयंसेवकाचं फार कौतुक वाटलं. त्याने हेडफोन काढून गळ्यात घेतले, मशीन आडवं ठेवलं, स्वतः चालत पायवाटेपर्यंत गेला, गुड मॉर्निंग म्हणाला, शेतकऱ्याची परवानगी आहे हे न विचारता सांगितलं आणि खिशातलं पत्र दाखवलं, मग माझी शिशाची गोळी त्यांच्या हातात ठेवली. दोन मिनिटांत आजीबाईंचा कुत्रा आमच्या खड्ड्यात आणि आजीबाई त्यांच्या वडिलांच्या शेतात सापडलेल्या घोड्याच्या नालाच्या गोष्टीत. जाताना त्या खड्डा बुजवेपर्यंत थांबल्या, तपासायला नव्हे, गप्पा संपत नव्हत्या म्हणून. नंतर तो म्हणाला, हेडफोन काढणं ही पहिली शिकवण, कानात घालून मान खाली ठेवली की लोकांना आपण चोर वाटतो.

आणि चोर असतातच की. रात्री परवानगीशिवाय शेतात शिरून खणणारे, त्यांना "नाइटहॉक" म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत सेक्रेटरीबाईंनी या विषयावर काही लपवलं नाही हे मला आवडलं. १९८० मध्ये पुरातत्त्ववाल्यांनी डिटेक्टरवाल्यांच्या विरोधात मोहीमच काढली होती, तेव्हा एकमेकांचं तोंड बघत नसत. हेरफर्डशरमध्ये २०१५ साली दोघांना अँग्लो-सॅक्सन काळातला, म्हणजे रोमन गेल्यानंतरचा, हजारेक वर्षांपूर्वीचा साठा मिळाला, तीनशेच्या आसपास नाणी असावीत असा अंदाज, त्यांनी कळवलंच नाही, परस्पर विकायला लागले, २०१९ मध्ये दोघांना लांब मुदतीची जेल झाली. खटल्यापर्यंत परत मिळालेली नाणी तीसेक. बाकीच्यांतल्या बहुतेकांचा अजून पत्ता नाही. बाई म्हणाल्या, पेपरवाले दोनच बातम्या छापतात, एक लॉटरी लागली आणि दुसरी चोर सापडला, आणि आम्ही उरलेले हजारो लोक त्या दोघांच्या मधे उभे असतो.

मधल्या लोकांच्या गोष्टी मात्र त्यांच्याकडे भरपूर. याच सफोकमध्ये होक्स्ने नावाचं गाव आहे, उच्चार हॉक्सन. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याने ओळखीच्या एरिक लॉज नावाच्या निवृत्त माळ्याला सांगितलं, त्याला रिटायर होताना मशीन भेट मिळालं होतं. तो हातोडी शोधायला गेला आणि लागला रोमन साठा, १५ हजारांच्या आसपास नाणी, चमचे, दागिने. पण गोष्ट पुढे आहे. त्याने थोडं काढल्यावर थांबवलं. कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाले आले आणि उरलेलं सगळं जसं पुरलं होतं तसं, कुठल्या डबीत काय आणि कशाशेजारी काय, हे बघत काढलं. बक्षीस १७.५ लाख पाउंड मिळालं, त्यातलं त्याने शेतकऱ्यालाही दिलं. आणि हातोडी? तीपण सापडली, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इथे अण्णा एकदम खूश, "हातोडीची पण पोच मिळाली म्हणजे."

दुसरी गोष्ट रेंडलशमची, अँग्लो-सॅक्सन राजाची जहाजासकट कबर जिथे निघाली त्या सटन हूपासून सहाएक किलोमीटरवर. तिथला जमीनमालक रात्रीच्या चोरट्यांनी वैतागला होता, त्याने काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पुरातत्त्व खात्याला सांगितलं, आणि २००८ पासून त्यांनी काय केलं तर चार अनुभवी डिटेक्टरवाल्यांनाच हाताशी धरलं. चौघांनी दीडशे हेक्टरच्या आसपास शेतं वर्षानुवर्षं ओळीओळीने चालून काढली, मिळालेली प्रत्येक बारीक वस्तू कुठे मिळाली ते टिपून. त्या ठिपक्यांवरून कळलं की आठव्या शतकातल्या बीड नावाच्या इतिहासकार साधूने लिहिलेलं राजाचं ठाणं ते हेच. मग रीतसर उत्खननात राजवाड्यासारखं मोठं दालन निघालं, आणि २०२३ मध्ये १४०० वर्षांपूर्वीचं देऊळ असावं अशी वास्तू. चोरांचा बंदोबस्त करायला बोलावलेल्या माणसांनी राजधानी शोधून दिली. ही गोष्ट फ्लायरवर का नाही हो? मी बाईंना विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या फ्लायर पुतण्याने केला.

आता अण्णा पेटले. त्यांनी मला दुभाषी करून दायमाबादची गोष्ट सांगितली. श्रीरामपूर तालुक्यातलंच गाव, प्रवरेच्या काठी. १९७४ साली एक माणूस झाडाचं खोड खणत होता, त्याला काशाच्या चार मूर्ती मिळाल्या, बैल जोडलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा, सगळं मिळून साठ किलोच्या वर वजन. अशी वस्तू देशात दुसरी नाही. पण ती उत्खननात न मिळता खोड खणताना मिळाल्यामुळे ती कुठल्या थरात होती, शेजारी काय होतं हे कायमचं गेलं, म्हणून ती नेमकी कधीची यावर विद्वान आजही वाद घालतात. बाईंनी "दायमाबाद" वहीत लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारून. सकाळी मला जे चाळीस मिनिटं सांगून नीट कळलं नव्हतं की वस्तूपेक्षा जागेची नोंद का महत्त्वाची, ते अण्णांच्या खोडाच्या गोष्टीने कळलं.

दुपारी तीनच्या सुमाराला अण्णा ओरडले. "सोनं! ए, सोनं!" मराठीतच, पण त्या आवाजाला भाषांतर लागत नाही. अख्खं शेत थांबलं. नेमका त्याच वेळी स्थानिक पेपरचा एक तरुण रिपोर्टर क्लबने बोलावलेला म्हणून आला होता आणि तोवर चहा पीत कंटाळला होता, तो कप टाकून धावला. अण्णांच्या तळहातावर पातळ, पिवळसर, रुपयाएवढी चकती. मधे फुलासारखं काही, कडेने अक्षरं. स्वयंसेवकाने भिंग लावलं, हसला, म्हणाला पितळ आहे. अण्णांचा चेहरा पडला. रिपोर्टरचा त्याहून जास्त.

तरी त्याने विचारलं, किंमत किती? बाई शांतपणे म्हणाल्या, चारपाच पाउंड. आणि तो वही बंद करणार तेवढ्यात, "आता हे आहे काय, ते विचार."

तर ते नाणंच नव्हतं, "जेटॉन" होतं, म्हणजे हिशेबाची चकती. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला घाऊक प्रमाणात बनायच्या आणि इंग्लंडभर पोचायच्या. टेबलावर किंवा कापडावर आडव्या रेषा मारायच्या, एकम, दशम, शतम, त्यावर या चकत्या ठेवायच्या, सरकवायच्या, आणि बेरीज वजाबाकी करायची, कारण रोमन आकड्यांत कागदावर बेरीज करून बघा, डोकं फिरतं. एका बाजूला मधे गुलाब आणि भोवती तीन मुकुट तीन लिली, दुसरीकडे गोल आणि त्यावर क्रूस, आणि कडेला हान्स क्राउविंकेल नावाच्या कारागिराचं नाव, म्हणजे ढोबळमानाने चारशे वर्षांपूर्वीचं. दुसऱ्या बाजूची जर्मन ओळ स्वयंसेवकाने मोबाईलवर जुळवली, अर्थ असा की देवाच्या आशीर्वादाने माणूस श्रीमंत होतो.

मी हे सगळं अण्णांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मग चकती अंगठ्याने पुसत म्हणाले, "म्हणजे माझ्याच खात्यातला माणूस निघाला." आणि रिपोर्टरला माझ्यामार्फत सांगायला लागले की कारखान्यात कॅल्क्युलेटर यायच्या आधी ऊस बिलाची बेरीज ते तोंडी कशी करायचे, एका पानावर तीस शेतकरी, टनाला भाव, तोडणी वाहतूक वजा, आणि पैशाचा फरक लागला तर रात्री दहापर्यंत घरी जाता यायचं नाही. रिपोर्टर लिहीतच सुटला. पुढच्या आठवड्यात फोटो आला, कानटोपीसकट, मथळा साधारण असा की भारतातल्या निवृत्त हिशेबनिसाला सफोकच्या शेतात सापडला चारशे वर्षांपूर्वीचा हिशेब. अख्ख्या बातमीत पाउंडचं चिन्ह एकदाही नाही. कोपऱ्यात त्या कचऱ्याच्या बादलीचा फोटोपण होता.

म्हणून म्हणते, पाचवा स्टार फ्लायरने खाल्ला. शेतावर ही माणसं जे करतात ते इतकं नेटकं, आणि दारात जो कागद टाकतात तो लॉटरीचा. २००९ मध्ये स्टॅफर्डशरला सापडलेल्या अँग्लो-सॅक्सन सोन्याची ३२ लाख ८५ हजार पाउंडांची किंमत सगळ्यांना पाठ आहे, फ्लायरवरपण आहे. त्यावरून येणारा माणूस दुपारपर्यंत रिंगा काढून वैतागतो, आमच्या गटातले दोघं तर जेवणानंतर निघूनच गेले, पैसे फुकट गेले म्हणत. त्यांना बोलावलं कुणी? कागदाने.

नोंदीचं पुढे काय झालं तेही सांगते कारण हा भाग फुकट असतो आणि लोकांना माहीत नसतो. जेटॉन ट्रेझरमध्ये बसत नाही, कायद्याने कळवायची सक्ती नाही, तरी क्लबने ते काउंटीच्या फाइंड्स लायझन ऑफिसरकडे, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, दिलं. ब्रिटिश म्युझियम चालवतं त्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये असे चाळीसेक अधिकारी इंग्लंड-वेल्सभर आहेत, १९९७ पासून सुरू आहे, आणि आजवर १५ लाखांच्या वर वस्तूंच्या नोंदी ऑनलाइन कुणालाही बघता येतात. बाईंनी जागेचा नकाशावरचा आठ आकडी ग्रिड नंबर दिला, म्हणजे दहा मीटरच्या चौकोनापर्यंत अचूक, पण लोकांना दिसताना तो मुद्दाम ढोबळ दाखवतात, नाहीतर नाइटहॉक पोचलेच. वस्तू मोजून, फोटो काढून, वर्णन लिहून परत मिळाली. सकाळी सही केलेल्या करारात ट्रेझर सोडून बारीक वस्तू सापडणाऱ्याच्या, असं शेतकऱ्याने मान्य केलेलं होतं, त्यामुळे चकती अण्णांची.

पण अण्णा ती श्रीरामपूरला नेऊ शकले नाहीत बरं का. ब्रिटनच्या मातीतून निघालेली जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला, किंमत चार पाउंड असली तरी, एक्स्पोर्ट लायसन्स लागतं. अण्णा म्हणाले, राहू दे, चार पाउंडांसाठी सरकारी कागद नको, इकडच्या लोकांनी आपल्या वस्तू नेताना कुठे लायसन्स काढलं होतं हा प्रश्न मी विचारणार नाही. विचारलाच. चकती आमच्याकडे काडेपेटीत आहे, त्यांच्या फोनमध्ये दोन्ही बाजूंचे फोटो.

आणि एक, हे वाचून कुणी मशीन विकत घेऊन सुट्टीत गावी नेणार असाल तर नका. आपल्याकडे १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून आहे, जमिनीत सापडलेली दहा रुपयांच्या वरची वस्तू कलेक्टरला कळवावी लागते, दहा रुपयांचा आकडा तेव्हाचाच. संरक्षित गडकिल्ल्यांवर खणणं हा तर सरळ गुन्हा आहे, आणि गावात अंगणात खड्डा खणलात तर लोक आधी लिंबं शोधतील.

बाकी बारीकसारीक. एका स्वयंसेवकामागे आठ जण फार होतात, चारपाच हवेत. आमच्यातल्या दोन मशीनच्या बॅटऱ्या दुपारी गेल्या, जादाच्या सेलची पिशवी कुणाच्या तरी गाडीत आणि ती गाडी गेलेली. मुलांच्या डोक्याला हेडफोन बसत नाहीत, घसरतात. टॉयलेट एकच, तेही शेताच्या त्या टोकाला. शाकाहारी म्हणजे चीज सँडविच, पॉइंट संपला, आम्ही मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, स्वयंसेवकाने चटणी तिखट म्हणत म्हणत संपवली. चहा कागदी कपात आणि कोमट. पार्किंगला चिखल.

पुढचा दिवस मार्चमध्ये आहे म्हणे, पेरणीच्या आधी, चौकशी गावातल्या लायब्ररीत करा, कागदाचा नवा फ्लायर तिथे ठेवणार आहेत. बाईंनी माझ्याकडून बादलीचा फोटो मागून घेतलाय. वेलिंग्टन बूट स्वतःचे न्या, त्यांच्याकडे लहान मुलांच्या मापाचे दोनच जोड आहेत आणि एकाला भोक आहे.